अख्खं गाव एकच बियाणं का मागतं?

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात कपाशीच्या एका ठरावीक वाणासाठी कृषी केंद्रांसमोर रांगा लागल्या. उन्हाचा कहर, डोक्याला दुपट्टा, हातात आधार कार्ड, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकाच वाणाचं नाव. बाजारात दुसरी बियाणी होती. एकाच वाणाचा आग्रह धरू नका, असं कृषी विभाग सांगत होता. तरी लोक रांग सोडायला तयार नव्हते. कंपन्यांची नावं बदलत असतील, पण मृगाच्या तोंडावर विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यात हे दृश्य दिसतंच.

शहरात बसून ही बातमी वाचणारा चटकन म्हणतो, लोक अडाणी आहेत. मला हे साफ चुकीचं वाटतं. त्या रांगेतला प्रत्येक कास्तकार आपल्या परीनं शहाणपणानंच वागत होता. तरीही सगळे मिळून चुकीच्या जागी पोहोचू शकतात. असं का होतं याचा अर्थशास्त्रज्ञांनी रीतसर हिशेब मांडलेला आहे आणि तो समजायला अंकगणित पुरतं.

आधी पाकिटात काय असतं ते पाहू

बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. बोंडअळीला मारणारी ही दोन जनुकं आज बाजारातल्या बहुतेक सगळ्या संकरित वाणांत सारखीच आहेत. म्हणजे अळीपासून संरक्षणाच्या बाबतीत या पाकिटात आणि त्या पाकिटात फारसा फरक नाही.

फरक असतो तो इतर गुणांत. वाण किती दिवसांत निघतो, बोंड केवढं भरतं, मावा-तुडतुड्याला किती तोंड देतो, वेचायला सोपा आहे का. हे गुण तुमच्या वावराशी जुळतात की नाही, यावर पीक ठरतं. नाल्याकाठची काळी, भारी जमीन ओल धरून ठेवते, तिथे जास्त दिवसांचा वाण तग धरतो. टेकाडाकडच्या बरड जमिनीत पावसानं पाठ फिरवली की आठवड्यात झाड मान टाकतं, तिथे लवकर निघणारा वाण बरा. एकाच गावात दोन्ही जमिनी असतात, कधी तर एकाच माणसाच्या सातबाऱ्यावर असतात. त्यामुळे अख्ख्या गावासाठी एकच वाण सर्वांत चांगला असणं जवळपास अशक्य आहे.

साखळी लागते ती अशी

१९९२ साली यावर दोन महत्त्वाचे शोधनिबंध आले. एक सुशील बिखचंदानी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. दुसरा मुंबईत जन्मलेल्या अभिजित बॅनर्जींचा, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी वर्णन केलेल्या प्रकाराला 'इन्फर्मेशन कॅस्केड' म्हणतात: पुढच्यांची कृती पाहून माणूस स्वतःजवळची माहिती बाजूला ठेवतो, आणि मग त्याच्यामागचे सगळेही तेच करतात. आपण त्याला देखादेखीची साखळी म्हणू.

समजा गावासमोर दोन वाण आहेत, 'अ' आणि 'ब'. यंदाच्या हंगामाला 'ब' खरोखर चांगला आहे, पण ते कुणालाच पक्कं ठाऊक नाही. प्रत्येकाजवळ स्वतःचा थोडा पुरावा आहे: मागच्या वर्षीचं वावर, मेहुण्यानं सांगितलेला अनुभव, धुऱ्यापलीकडचं पीक. हा पुरावा तीनपैकी दोन वेळा खरं सांगतो, एकदा चकवतो.

पहिला कास्तकार दुकानात जातो आणि स्वतःच्या पुराव्यावरून पाकीट उचलतो. त्याचा पुरावा चकवणारा निघाला, त्यानं 'अ' घेतला. दुसऱ्यालाही त्याच्या पुराव्यानं चकवलं, त्यानंही 'अ' घेतला. आता तिसरा येतो. त्याचा स्वतःचा पुरावा 'ब' सांगतोय. पण समोर दोघांनी 'अ' घेतलाय. दोन विरुद्ध एक. तो मनात म्हणतो, "दोघं दोघं काय उगीच घेऊन राह्यले?" आणि 'अ' घेतो. त्याच्या जागी कोणीही विचारी माणूस हेच करेल.

खरी गोची इथेच आहे. तिसऱ्यानं 'अ' घेतला, पण त्याच्या घेण्यातून गावाला नवं काहीच कळलं नाही. त्याच्याजवळची 'ब' ची खूण त्याच्या खिशातच राहिली. चौथा येतो तेव्हा त्याच्यासमोर तीन पाकिटं दिसतात, पण त्यामागे पुरावे दोनच आहेत. पाचव्याला चार दिसतात, पुरावे दोनच. शंभराव्याला रांग दिसते आणि रांगेच्या मुळाशी अजूनही तेच दोन, तेही चकवणारे, पुरावे.

याचं गणित करून पाहा. पहिले दोघेही चकवले जाण्याची शक्यता एक तृतीयांश गुणिले एक तृतीयांश, म्हणजे नऊत एक. दोघांनी वेगवेगळे वाण घेतले तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. (बरोबरी झाली की माणूस स्वतःच्या पुराव्यावर जातो, असं इथे धरलंय.) हा हिशेब शेवटपर्यंत नेला की उत्तर येतं: पाचात एकदा गाव चुकीच्या वाणावर अडकतं. गावात १०१ कास्तकार असोत की हजार, हा आकडा बदलत नाही, कारण पहिल्या काही जणांनंतर कोणाचीच माहिती हिशेबात येत नाही.

आता याच १०१ जणांनी एकमेकांचं न पाहता, आपापला पुरावा चिठ्ठीवर लिहून दिला आणि चिठ्ठ्या मोजल्या तर? बहुमत चुकीच्या बाजूला जाण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी. फक्त १५ जणांनी चिठ्ठ्या टाकल्या तरी ती शंभरात नऊच्या आसपास असते. माणसं तीच, अक्कल तीच, पुरावे तेच. बदललं एवढंच की प्रत्येकानं आधी स्वतःचं पाहिलं आणि मग मोजणी झाली.

म्हणून स्वतंत्र विचाराकडे ताठ्याची गोष्ट म्हणून पाहणं मला पटत नाही. तिसऱ्या कास्तकारानं 'ब' घेतला असता तर कदाचित त्याचं फार काही बिघडलं वा सुधारलं नसतं. पण चौथ्याला, पाचव्याला आणि पन्नासाव्याला त्याच्या वावराची बातमी मिळाली असती. स्वतःचं डोकं चालवणारा माणूस शेजाऱ्याला काहीतरी देत असतो.

"इतके लोक म्हणतात म्हणजे खरंच असणार"

इतके लोक म्हणतात, हे वजनदार आहेच, पण एका अटीवर. गावातली शंभर घड्याळं सकाळी सहा वाजल्याचं दाखवत असतील आणि प्रत्येक घड्याळ रेडिओवरून वेगळं लावलेलं असेल, तर सहा वाजलेच म्हणून समजा. पण शंभरही घड्याळं सरपंचाच्या घड्याळावरून लावली असतील, तर साक्ष एकाच घड्याळाची आहे.

लोकांची संख्या कामाला येते ती कशी, याचा जुना दाखला इंग्लंडमधला आहे. प्लिमथ गावच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका धष्टपुष्ट बैलाचं मांस किती भरेल, यावर पैज लावली होती. लोकांनी आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहून दिला. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञानं त्यातल्या वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या तपासून १९०७ साली निष्कर्ष छापला. सगळे अंदाज ओळीनं लावल्यावर मधला अंदाज होता १२०७ पौंड, आणि खरं वजन निघालं ११९८. एक टक्क्याहूनही कमी चूक! त्यांत कसाई होते, शेतकरी होते, आणि नुसते जत्रा पाहायला आलेलेही होते. तीच माणसं एका रांगेत उभी राहून मोठ्यानं अंदाज सांगत गेली असती, तर पहिल्या दोन-चार जोरकस आवाजांभोवती सगळे अंदाज गोळा झाले असते.

"मला दिसतं हो, पण बोलू कसा?"

वरच्या हिशेबातला तिसरा कास्तकार खरोखर गोंधळलेला होता. पण कैकदा माणसाला नीट दिसत असतं आणि तरी तो गप्प बसतो. "लोकं काय म्हणतीन" हे तीन शब्द कित्येक चांगल्या गोष्टी गिळून बसले आहेत.

अमेरिकेत १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं याचा साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. उत्तर लहान पोरालाही कळावं असं. एकट्यानं बसून उत्तर देताना लोक शंभरात एकदाही चुकत नसत. पण खोलीतले बाकी सगळे आधीच फितवलेले होते आणि ते एकसुरात चुकीचं उत्तर देत. अशा वेळी खऱ्या उमेदवारांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या घोळक्यामागे वाहत गेली. तरी साधारण चौथा हिस्सा माणसं एकदाही ढळली नाहीत, हेही विसरू नये.

या प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ॲशनं त्या घोळक्यात खरं बोलणारा एकच जण पेरला. तेवढ्यानं घोळक्यामागे जाणारी उत्तरं आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आली. बहुमत मोडावं लागलं नाही, एक सोबती पुरला. ग्रामसभेत, बचत गटात, सोसायटीच्या बैठकीत पहिल्यांदा "थांबा, मला असं दिसत नाही" म्हणणाऱ्या माणसाचं काम किती मोठं आहे, ते या आकड्यावरून कळतं. त्याचं म्हणणं अखेरीस चुकीचं ठरलं, तरी त्यानं दुसऱ्या कोणाचं तोंड उघडलेलं असतं.

चुकीच्या साखळीची किंमत

बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची लहान पुडी मिळायची, ती आठवत असेल. वावराच्या कडेनं बिगर-बीटीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढं लावायचं, असा नियम होता. कारण सोपं होतं. बीटीला न दबणारी एखादी अळी वाचलीच, तर तिच्या पतंगाची गाठ कडेच्या ओळींतल्या साध्या पतंगांशी पडावी आणि तिचा चिवटपणा पुढच्या पिढीत पातळ व्हावा.

किती वावरांत त्या ओळी दिसल्या? शेजारी लावत नाही, मग मी कशाला जागा अडकवू, असं म्हणत बहुतेकांनी पुडी बाजूला टाकली. ती कशासाठी आहे, हे समजावून सांगणारंही फारसं कोणी नव्हतं. गुलाबी बोंडअळी हळूहळू बीटीला सरावली. कारणं आणखीही होती, पण हे त्यांतलं एक ठळक. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीची बोंडं फोडली की आत अळी निघत होती.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली. वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, तोंडाला साधं फडकं, आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र. या मृत्यूंचा दोष मेलेल्यांवर ढकलणं अन्यायाचं होईल. संरक्षणाची साधनं पुरवणं, विक्रीवर नजर ठेवणं, दवाखाने सज्ज ठेवणं ही व्यवस्थेची कामं होती. पण "सारेच मिसळून मारतात" हे वाक्य गावोगाव सुरक्षिततेच्या हमीसारखं फिरत होतं, हेही खरं आहे. ते कोणी तपासलेलं नव्हतं.

"सगळ्यांबरोबर बुडालो तर सोबत तरी असते"

हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. गावासारखं पेरणं कोरडवाहू कास्तकारासाठी बरेचदा फायद्याचा सौदा असतो. पीकविम्यात पीक कापणी प्रयोगांवरून नुकसान ठरतं तेव्हा महसूल मंडळाची सरासरी पाहिली जाते. सगळ्या मंडळाचं पीक गेलं तर भरपाईची आशा, तुमचं एकट्याचं गेलं तर सरासरीत ते दिसतच नाही. बियाणं उधारीवर आणलेलं असेल, तर कोणतं पाकीट हे दुकानदारच बरंचसं ठरवतो. वेगळं पेरून फसलात तर घरच्यांची बोलणीही एकट्यालाच खावी लागतात.

तेव्हा सहा एकरांत सहाही एकर वेगळं करा, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. वेगळेपणाचा आकार आपल्या ऐपतीएवढा ठेवता येतो. दोन ओळींत दुसरा वाण लावून पाहणं, अर्ध्या एकरात एक फवारणी कमी करून पाहणं, आणि निघालेलं पीक वेगळं मोजून वहीत लिहिणं. एवढ्या तुकड्यानं कुणी बुडत नाही, पण पुढच्या वर्षी हातात स्वतःचा पुरावा असतो.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी असंच केलं. जमीन नावापुरती, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ साली आपल्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दाण्याच्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वेगळ्या पेरल्या, पुढची काही वर्षं निवडत आणि वाढवत नेल्या. त्यातून एचएमटी हे बारीक दाण्याचं वाण उभं राहिलं आणि ते किती दूरवर पसरलं, हे तांदूळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या वावरात त्या लोंब्या आल्या, तिथे बाकीचं पीक चारचौघांसारखंच होतं. त्यांनी फक्त पाहिलं आणि पाहिलेलं सोडून दिलं नाही. खोब्रागडे २०१८ साली गेले.

"तज्ज्ञांचंही ऐकायचं नाही का?"

ऐकायचं, आणि शेजाऱ्याचंही ऐकायचं. फक्त काय केलं एवढ्यावर न थांबता काहून, म्हणजे का, केलं हे विचारायचं. शेजाऱ्यानं पेरायला तिफण काढली, ही झाली कृती. "काहून काढली?" असं विचारलं आणि तो म्हणाला की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालाय, ढेकूळ दाबून पाहिलं, ओल खोल गेलीय, तर ते कारण तुम्ही आपल्या वावरात जाऊन तपासू शकता. तो म्हणाला, "पलीकडच्यानं काढली म्हणून," तर साखळीचं टोक तुमच्या हाती लागलं. दुबार पेरणीची कित्येक दुखणी या एका प्रश्नानं टळली असती.

सोयाबीनची उगवण तपासायला तर कोणाला विचारायचीही गरज नाही. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळा, पोतं ओलं ठेवा, पाच-सात दिवसांनी उघडा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं ठीक. कमी उगवले तर बियाणं बदला किंवा पेरताना प्रमाण वाढवा. पाकिटावरचं नाव, व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ आणि पानठेल्यावरची चर्चा या तिन्हींपेक्षा त्या पोत्याची साक्ष वजनदार आहे.

आणि सगळे उजवीकडे जातात म्हणून मी डावीकडे जाणार, हाही स्वतंत्र विचार नव्हे. अशा माणसाचं पाऊलही लोकच ठरवत असतात.

"मग गावाची एकी कशी राहणार?"

काही कामं सगळ्यांनी सारखीच करावी लागतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी उभी ठेवून घेतलेलं पीक, घ्यायची नाही, हे त्यातलं एक. पाणी देऊन कपाशी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवली की बोंडअळीला बाराही महिने अन्न मिळतं. गावातल्या चार जणांनी फरदड ठेवली तरी उरलेल्यांची मेहनत वाया जाते. तिथे "मी माझ्या मनाचा राजा" चालत नाही.

स्वतंत्र विचार आणि एकजुटीची कृती एकत्र कशी नांदवायची, हे पाहायला गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे जावं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावची. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात विषय उलटासुलटा तपासायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, कायदा वाचायचा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असला तर त्याचं ऐकून घ्यायचं, विषय पुढच्या सभेत पुन्हा आणायचा.

सर्वसहमती म्हणजे सगळ्यांनी मान डोलावणं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. मेंढ्यात ती विरोध पूर्ण ऐकून झाल्यावर येते, आणि मग निर्णय सगळे पाळतात. वेळ लागतो. बहुमताचे हात वर करून दहा मिनिटांत उरकणारं काम तिथे महिन्यांवर जाऊ शकतं. पण ज्याला मोडता घालायचा होता, त्याला तो आधीच घालू दिलेला असतो.

ज्यांना कोणी विचारतच नाही

कपाशी वेचायला बहुतेक बायाच जातात. कोणत्या वाणाचं बोंड पूर्ण उमलतं, कोणाचा कापूस हाताला सहज येतो, कोणाच्या नखाळ्या बोटं फाडतात, कोणत्या ओळीत कवडी (किडका, डागी कापूस) जास्त निघते, हे त्यांना वेचणी सुरू झाल्याबरोबर कळतं. निंदणाला वाकताना ओल कुठे आधी सरते, तेही त्यांनाच दिसतं. आणि मे महिन्यात बियाणं ठरतं ते पानठेल्यावर नाहीतर कृषी केंद्राच्या पायरीवर, जिथे त्या नसतात. सालदाराला, ठोक्यानं वावर करणाऱ्या भूमिहीन माणसालाही कोणी विचारत नाही. गावातले अर्ध्याहून जास्त पुरावे चिठ्ठीवर येण्याआधीच गळतात.

हे बदलायला योजना लागत नाही. उन्हाळ्यात एका संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसा. चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घरातून दोन चिठ्ठ्या घ्या, एक वावर कसणाऱ्याची आणि एक वेचणी-निंदण करणारीची. जमीन भारी की हलकी, वाण कोणता, पेरलं केव्हा, एकरी किती क्विंटल निघालं, आणि पुन्हा तेच लावाल का. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी शाळेतलं पोर लिहील. चिठ्ठीवर नाव नको. सगळ्या जमल्यावर भारी जमिनीच्या एका बाजूला आणि हलक्या जमिनीच्या दुसऱ्या बाजूला लावून मोठ्यानं वाचा. गावातल्या वजनदार माणसांनी आपलं मत सर्वांत शेवटी सांगावं, एवढा एकच नियम कडक पाळा. त्यांचा आवाज आधी निघाला की उरलेल्या चिठ्ठ्या त्यांच्याच होतात.